सव्वीस वर्षांचं आयुष्य, पाच वर्षांचा आवाज

ओटिस रेडिंग या अमेरिकन गायकाचं एकच गाणं माझ्या कपाटात पाच निरनिराळ्या तबकड्यांवर आहे. गाणं तेच, गायक तोच, मग पाच कशाला, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. नाट्यसंगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्या रसिकाला मात्र तो पडणार नाही. मास्टर दीनानाथांचं एखादं पद मूळ तबकडीवर ऐकावं, मग कॅसेटवर, मग खरखर काढून स्वच्छ केलेल्या सीडीवर. प्रत्येक वेळी गळ्यातलं काहीतरी वाढल्यासारखं किंवा हरवल्यासारखं वाटतं. गवई हयात असला तर त्यालाच विचारता येतं. गेलेल्याच्या बाबतीत जे काही सांगायचं ते टेपच सांगते.

ओटिस १० डिसेंबर १९६७ रोजी गेला. वय सव्वीस. पहिलं नाव मिळवून देणारं गाणं ध्वनिमुद्रित होऊन साडेपाच वर्षंही धड झाली होती असं नाही. तेव्हापासून त्याच्या नावाच्या तबकड्या मात्र निघतच राहिल्या.

त्याचा जन्म ९ सप्टेंबर १९४१चा, अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या जॉर्जिया राज्यातल्या डॉसन या लहानशा गावचा. वाढला तो मेकन शहरात. वडील आधी दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे, पुढे हवाई दलाच्या तळावर नोकरीला आणि रविवारी चर्चमध्ये प्रवचन करणारे. त्यामुळे गाण्याचं पहिलं शिक्षण चर्चमध्येच झालं. वडिलांना क्षयाने गाठलं आणि पंधराव्या वर्षी पोराची शाळा सुटली. विहिरी खणणं, पेट्रोल पंपावर उभं राहणं अशी मिळतील ती कामं त्याने केली आणि मेकनच्या डग्लस थिएटरमधल्या गाण्याच्या स्पर्धा लागोपाठ जिंकल्या. त्याच गावचा लिटल रिचर्ड तोवर देशभर गाजत होता, त्याची नक्कल ओटिस हुबेहूब करी. दुसरं दैवत सॅम कुक. एकाचा गोंगाट आणि दुसऱ्याचा गोडवा, या दोहोंच्या मधे कुठेतरी त्याला स्वतःची वाट काढायची होती.

चर्चमधली आळवणी उचलून ती माणसांच्या प्रेमाला आणि विरहाला लावायची, याला त्या काळी 'सोल' म्हणू लागले होते. आपल्याकडे भजनाच्या चालीवर लावणी बांधली तर जे कान टवकारतील, तसेच तिथेही टवकारले गेले.

ऑगस्ट १९६२मध्ये जॉनी जेंकिन्स या गिटारवादकाला मेम्फिसच्या 'स्टॅक्स' कंपनीत ध्वनिमुद्रणासाठी न्यायचं होतं. गाडी चालवायला ओटिस होता. जेंकिन्सचं काम काही जमून आलं नाही, थोडा वेळ उरला आणि त्या उरलेल्या वेळात या ड्रायव्हरला गायची संधी मिळाली. 'दीज आर्म्स ऑफ माइन' हे ते गाणं. चाल साधी, पियानो एकसुरी, आणि आवाज असा की प्रत्येक शब्दाच्या टोकाशी तो फाटेल की काय असं वाटावं. तो फाटत नाही. पुढची पाच वर्षं लोक याच गोष्टीसाठी त्याला ऐकत राहिले.

स्टॅक्सचा स्टुडिओ म्हणजे मॅकलेमोर अॅव्हेन्यूवरचं एक जुनं, बंद पडलेलं सिनेमा थिएटर. जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल अॅक्स्टन या गोऱ्या भावंडांनी ते भाड्याने घेतलं होतं. थिएटरची जमीन पडद्याकडे उतरती असते, तशी ती तशीच ठेवून तिथे वाद्यं मांडलेली. जमीन तिरकी. या खोलीचा स्वतःचा एक नाद होता, तो रेकॉर्डवर ओळखू येतो. वादकांत स्टीव्ह क्रॉपर (गिटार) आणि डक डन (बास) गोरे, बुकर टी. जोन्स (ऑर्गन) आणि अल जॅक्सन (ड्रम) काळे. १९६४च्या कायद्यापर्यंत दक्षिणेतल्या कितीतरी हॉटेलांत हे चौघे एका टेबलावर बसून जेवू शकले नसते. इथे रोज एकत्र बसून एका दमात गाणी उभी करत. ओटिसला नोटेशन येत नसे. ट्रंपेट-सॅक्सोफोनवाल्यांना त्यांच्या जागा तो तोंडाने गुणगुणून सांगायचा, म्हणूनच त्याच्या गाण्यांतली पितळी वाद्यं गायकाच्याच गळ्याची भावंडं वाटतात.

स्टॅक्समध्ये १९६५पर्यंत एकच ट्रॅक होता. सगळ्यांनी एकाच वेळी वाजवायचं, एकाच वेळी गायचं, चुकलं तर सगळ्यांनी पुन्हा. याला मोनो म्हणतात. पुढे स्टीरिओचं वेड आलं तेव्हा जुन्या मोनो गाण्यांना यांत्रिक युक्तीने दोन बाजूंना फाकवून खोटा स्टीरिओ करण्याचा उद्योग अमेरिकन कंपन्यांनी सर्रास केला. अशी एखादी तबकडी हाती आली तर माझा सल्ला स्पष्ट आहे: दुकानातच ठेवावी. विहिरीच्या तळातून कोणी गात असल्यासारखी ती वाजते.

आता माझ्या पाच प्रतींकडे येतो. ते गाणं म्हणजे 'आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग', ओटिस आणि जेरी बटलर यांनी मिळून केलेलं. एप्रिल १९६५मध्ये ते सुटं निघालं आणि गाजलं. जुलैत 'ओटिस ब्लू' हा अख्खा अल्बम करायचा ठरला, तेव्हा न्यूयॉर्कहून अॅटलांटिक कंपनीचा टॉम डाउड हा कसबी ध्वनिमुद्रक स्टीरिओची यंत्रणा घेऊन मेम्फिसला आला. जवळपास चोवीस तासांत अल्बम उरकला. मधे रात्री दहा ते दोन सुट्टी, कारण वादकांना गावातल्या क्लबांत आपापली वाजवायची कामं होती! ती आटोपून मंडळी पुन्हा येऊन बसली आणि सकाळपर्यंत काम झालं.

गंमत अशी की एप्रिलचं गाणं मोनोत होतं, म्हणून स्टीरिओ अल्बमसाठी ओटिसने ते जुलैत पुन्हा गायलं. मोनो अल्बमवर मात्र एप्रिलचंच गाणं राहिलं. म्हणजे एकाच नावाच्या, एकाच मुखपृष्ठाच्या दोन तबकड्यांवर दोन वेगळी गाणी. कित्येकांनी वर्षानुवर्षं एकच ऐकलं आणि दुसरं आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता. २००८मध्ये ऱ्हायनो कंपनीने दोन सीडींच्या संचात मोनो आणि स्टीरिओ शेजारी शेजारी दिले, तेव्हा घरबसल्या तुलना करता येऊ लागली.

जुलैचं गाणं अधिक सफाईदार आहे. वाद्यांना ऐसपैस जागा मिळते, ड्रमचा ठोका स्वच्छ पोचतो. पण गायक आता यशस्वी गाणं गातो आहे, हे त्याला ठाऊक आहे. एप्रिलमध्ये ते ठाऊक नव्हतं. तिथे दोन ओळींच्या मधली थांबण्याची जागा अंमळ जास्त रेंगाळते, पितळी वाद्यं एकेक पायरी चढत येतात आणि वरच्या पायरीवर तो उभा असेल की नाही याची धाकधूक ऐकणाऱ्याला वाटते. मला विचाराल तर एप्रिल. तज्ज्ञ दुसरं सांगतील, सांगोत बापडे.

'ओटिस ब्लू'मधली तीन गाणी सॅम कुकची आहेत. कुक ११ डिसेंबर १९६४ रोजी गोळी लागून मेला, त्याला जेमतेम सात महिने झाले होते. याच अल्बममधलं 'रिस्पेक्ट' ओटिसचं स्वतःचं, घरी परतलेल्या नवऱ्याने बायकोकडे मान मागणारं. १९६७मध्ये अॅरिथा फ्रँकलिनने तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ओटिसचं गाणं बरं असूनही आज अनेकांना ते तिचंच वाटतं, आणि मला वाटतं ते योग्यच आहे.

१९६७ हे त्याचं वर्ष होतं. मार्च-एप्रिलमध्ये स्टॅक्सचा सारा ताफा युरोपात फिरला, जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटरे इथे हजारो गोऱ्या तरुणांसमोर त्याने पाच गाणी गायली. तिथल्या ध्वनिमुद्रणापेक्षा त्याचं चित्रण पाहावं. हा उंचापुरा माणूस गाताना जमिनीवर पाय आपटतो, त्याचा ठेका त्या पायातच असतो. ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालितो इथल्या एका तरंगत्या घरात मुक्काम असताना त्याला एका नव्या गाण्याची सुरुवात सुचली. मग घशातल्या गाठींवर शस्त्रक्रिया झाली. काही आठवडे बोलायचीही मनाई. क्षयातून उठल्यावर कुमार गंधर्वांची गायकी पालटली ते आपल्याला ठाऊक आहे. ओटिसच्या बाबतीत असं काही घडलं असतं का, याचा अंदाज बांधायला आपल्या हाती नोव्हेंबर आणि डिसेंबरचे थोडे दिवस आहेत. त्या दिवसांत तो झपाटल्यासारखा गात होता.

'सिटिन ऑन द डॉक ऑफ द बे' त्यातलंच. २२ नोव्हेंबरला गाणं झालं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वरची कामं झाली. घर सोडून दोन हजार मैलांवर आलेला, धक्क्यावर बसून लाटा मोजणारा रिकामा माणूस. ओरडणं नाही, पाय आपटणं नाही. स्टॅक्समधल्या काहींना हे ओटिसचं गाणं वाटेचना. शेवटी शब्द न सुचल्याने त्याने शीळ घातली असं सांगितलं जातं.

१० डिसेंबरला क्लीव्हलँडहून मॅडिसनला जाताना त्याचं छोटं विमान धुक्यात मोनोना तळ्यात कोसळलं. विमानतळ काही मैलांवर होता. आठांपैकी सात गेले. बार-केज या त्याच्या साथीदार वाद्यवृंदातली बहुतेक पोरं विशीतही धड पोचली नव्हती. एकटा बेन कॉली आसनाची उशी धरून थंडगार पाण्यात तरंगत राहिला. अपघाताचं कारण शेवटपर्यंत ठरलं नाही. घरी पत्नी झेल्मा आणि तीन लहान मुलं होती.

त्यानंतरच्या काही दिवसांत क्रॉपरला स्टुडिओत बसून ते गाणं पुरं करावं लागलं. मेम्फिसमधल्या एका जाहिरातवाल्या कंपनीकडून त्याने लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज आणून त्यात मिसळले. जानेवारी १९६८मध्ये तबकडी निघाली, मार्चमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली. मृत गायकाचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाण्याचा तो पहिला प्रसंग. ओटिसची आयुष्यभराची कमाई म्हणून जग जे ओळखतं, ते त्याने पुरं झालेलं ऐकलंच नाही.

त्याच वर्षी स्टॅक्सवर दुसरा घाव बसला. अॅटलांटिकशी झालेल्या जुन्या करारातल्या एका कलमानुसार स्टॅक्समध्ये तयार झालेल्या साऱ्या मूळ टेपांची मालकी अॅटलांटिकची निघाली. ज्या खोलीत तो घडला, तिच्या मालकांकडे त्याचा आवाज उरला नाही. १९७५ संपता संपता कंपनी दिवाळ्यात निघाली, १९८९मध्ये ते थिएटरही पाडलं गेलं. (२००३ साली त्याच जागी संग्रहालय उभं राहिलं.) अॅटलांटिकच्या न्यू जर्सीतल्या गोदामाला १९७८मध्ये आग लागून कितीतरी न वापरलेल्या टेपा जळाल्या. एवढं होऊनही १९९३मध्ये ऱ्हायनोचा चार सीडींचा संच आला, २०१६मध्ये लॉस एंजेलिसच्या व्हिस्की अ गो गो क्लबातल्या एप्रिल १९६६च्या तीन रात्रींचा सहा सीडींचा. या शेवटच्या संचात तीच गाणी पुनःपुन्हा येतात, वाद्यं मधेच बेसूर होतात. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. मला तो आवडतो, कारण तिसऱ्या रात्री दमलेला ओटिस ऐकू येतो.

पण सगळ्यांत जास्त ऐकली जाते ती १९९२ची एक साधी सीडी, 'रिमेंबर मी'. ती अॅटलांटिककडून न येता स्टॅक्सच्या नावाने निघाली, कारण काही उरलेसुरले तुकडे आगीपासून आणि करारापासून दूर राहिले होते. त्यात 'डॉक ऑफ द बे'चे पहिले दोन प्रयत्न आहेत. क्रॉपरने नंतर मिसळलेल्या लाटा त्यांत नाहीत. पहिल्या प्रयत्नाच्या आरंभी ओटिस स्वतःच तोंडाने समुद्रपक्ष्यांचा आवाज काढून चेष्टा करतो, मागे कोणीतरी हसतं, आणि शेवटाला आल्यावर त्याची शीळ साफ चुकते.