न्यायमूर्ती रानडे आणि परीक्षेचा भार

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे समाजसुधारक व अर्थशास्त्रज्ञ म्हणून सर्वश्रुत आहेत. विद्यापीठातील अध्यापन व परीक्षा यांविषयीची त्यांची कळकळ मात्र तितकी परिचित नाही. वेवजी व आसपासच्या ज्ञातिबांधवांची मुलेमुली आज महाविद्यालयाची पायरी चढत आहेत; म्हणून या थोर पुरुषाच्या चरित्राचा तेवढाच भाग आम्ही येथे सादर करीत आहोत.

रावसाहेबांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याची पहिली प्रवेश परीक्षा ते १८५९ साली उत्तीर्ण झाले आणि १८६२ साली पदवी मिळविणाऱ्या पहिल्या तुकडीत डॉ. भांडारकरांसमवेत झळकले. या यशाची किंमतही त्यांना मोजावी लागली. अविरत वाचनाने त्यांची दृष्टी अधू झाली. एका निबंधात त्यांनी इंग्रजी राज्यापेक्षा मराठेशाहीला उजवे ठरविले, तेव्हा त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. अशा रीतीने परीक्षा देणारा आणि विद्यार्थी घडविणारा, या दोहोंचा अनुभव त्यांच्या गाठी होता.

उच्च न्यायालयाच्या आसनावर बसल्यावरही त्यांना विद्यार्थ्यांचा विसर पडला नाही. अनेक पदवीधर ऐन तारुण्यात मृत्युमुखी पडत होते. रावसाहेबांनी त्याची कारणे शोधली व १८९४ साली ती व्याख्यानातून मांडली. अनेक विषयांचा भार एकाच परीक्षेत वाहावा लागणे, हे त्यांपैकी एक कारण होय. परीक्षा टप्प्याटप्प्याने घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. आज एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी तेवढाच विषय पुन्हा देऊन पुढे जातो. एके काळी ही सवलत मागावी लागत होती, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

दुसरा भार परकीय भाषेचा. विद्यापीठाने देशी भाषांना आरंभीच्या काळातच अभ्यासक्रमातून दूर सारले होते. मराठीत अभ्यासण्याजोगे वाङ्मय आहे, हे दाखविण्यासाठी रावसाहेबांनी प्रकाशित ग्रंथांचा आढावा घेतला. १६ जानेवारी १९०१ रोजी ते निवर्तले, परंतु एम. ए. परीक्षेत मराठीला स्थान मिळाले, ते त्यांच्याच खटपटीचे फळ होय. गुजरातच्या सीमेवर, दोन भाषांच्या सान्निध्यात राहणाऱ्या आपणांस तिचे मोल सांगणे नलगे.

परीक्षेने विद्यार्थ्याची योग्यता पारखावी, त्याचे आयुष्य झिजवू नये, हाच या चरित्राचा बोध आहे. निकालाच्या दिवशी घराघरांतील वडीलधाऱ्यांनी त्याचे स्मरण ठेवावे, एवढीच आमची विनंती.