योआखिम लेलेवेल

पोलंडमधील वॉर्सा नगरीत १७८६ साली जन्मलेले लेलेवेल विल्नो (आजचे विल्नियस) येथील विद्यापीठात इतिहास शिकवीत. १८३० साली रशियाच्या सत्तेविरुद्ध उठाव झाला; ते राष्ट्रीय सरकारात सामील झाले. उठाव फसला आणि मायदेश कायमचा अंतरला. १८३३ साली फ्रान्सनेही घालवून दिल्यावर ब्रुसेल्समधील एका साध्या खोलीत त्यांनी बिऱ्हाड केले. तेथे झिजलेल्या नाण्यांवरील अक्षरे व टांकसाळीच्या खुणा ताडून त्यांनी मध्ययुगीन नाण्यांवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो १८३५ साली प्रसिद्ध झाला. नाण्यांची चित्रे त्यांनी स्वहस्ते कोरली. दारिद्र्य असूनही कोणी देऊ केलेली मदत ते सहसा नाकारीत. हा स्वाभिमान की हट्ट, कोण जाणे! राजांच्या मुद्रा वाचणाऱ्या ह्या निर्वासिताची मुद्रा गौरवपदकांवर कोरली गेली. १८६१ साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. १९२९ साली त्यांच्या अस्थी विल्नोस आणण्यात आल्या.