देहाची चिंता देवावर सोपविणारे फादर डेमियन

नाताळच्या मंगल पर्वावर, गव्हाणीत जन्मलेल्या प्रभू येशूंचे स्मरण करीत असता, त्यांच्या मार्गाने गेलेल्या एका भक्ताचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते. शरणागती हा शब्द आपल्या घराघरांत नित्य उच्चारला जातो. तो देहाने जगून दाखविणारे मात्र विरळा. फादर डेमियन हे त्यांपैकी एक होत.

बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव योसेफ. थोरले बंधू पाम्फिल यांच्या पाठोपाठ त्यांनीही संन्यस्त जीवन पत्करले. पाम्फिल यांची हवाई बेटांवर धर्मकार्यासाठी निवड झाली होती; परंतु ज्वरपीडितांची शुश्रूषा करता करता ते स्वतःच अंथरुणास खिळले. धाकट्या भावाने त्यांची जागा आग्रहाने मागून घेतली आणि १९ मार्च १८६४ रोजी ते होनोलुलूस उतरले. त्याच वर्षी त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

त्या काळी हवाईत कुष्ठरोगाने थैमान घातले होते. १८६५ च्या कायद्यान्वये रोग्यांना मोलोकाई बेटाच्या एका भूशिरावर नेऊन ठेवीत. मागे उत्तुंग कडे, तिन्ही बाजूंस समुद्र. तेथे गेलेला माणूस सहसा परतत नसे. १८७३ मध्ये बिशपांनी तेथे जाण्यास कोण सिद्ध आहे असे विचारले, तेव्हा चार धर्मगुरू पुढे आले. त्यांनी आळीपाळीने तेथे राहावे, असे ठरले. पहिली पाळी डेमियन यांची होती. १० मे रोजी ते तेथे पोचले. पुढे दुसऱ्या कोणाची पाळी आलीच नाही.

आरंभीच्या रात्री त्यांनी केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. रोग्यांना स्पर्श करू नये, अशी त्यांना ताकीद होती. परंतु अस्पृश्य मानलेल्यांना देवाचे प्रेम दुरून कसे सांगावे? त्यांनी जखमा धुतल्या, रोग्यांच्या पात्रातले अन्न खाल्ले, घरे बांधली, पाण्याचे नळ आणले, शवपेट्या घडविल्या, थडगी खणली. प्रवचनात ते स्वतःची गणना प्रथमपासूनच कुष्ठरोग्यांत करीत. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजातून आले असता डेमियन यांना वर चढू दिले गेले नाही. तेव्हा खालच्या होडीतूनच त्यांनी आपले पापनिवेदन सर्वांदेखत मोठ्याने केले.

१८८४ च्या अखेरीस त्यांचा पाय कढत पाण्यात पडला आणि त्यांना वेदना जाणवली नाही. रोग अंगी भिनला होता. तरीही त्यांचे काम थांबले नाही.

येथे सुज्ञ वाचकांच्या मनात शंका येईल, की देवावर भार टाकणाऱ्याचे देवाने रक्षण का केले नाही? आमच्या अल्पमतीप्रमाणे या शंकेतच भक्ती आणि व्यवहार यांतील भेद दडला आहे. देह सुरक्षित राहावा म्हणून ठेवलेला विश्वास हा एक सौदा होय. डेमियन यांनी तसा सौदा केला नव्हता. देहाचे काय व्हावे हे त्यांनी देवाकडे सोपविले आणि आपल्याकडे केवळ सेवा ठेवली. जो स्वतःस जपण्यात गुंतला, त्याचे हात दुसऱ्यासाठी मोकळे राहत नाहीत. वरोड्याचे आनंदवन व अमरावतीचे तपोवन ज्या महाराष्ट्राने पाहिले, त्याला हे वेगळे सांगावयास नको.

१८८८ मध्ये मदर मेरियन कोप व त्यांच्या सहकारी भगिनी मोलोकाईस आल्या, आणि आपल्यामागे या लेकरांचे काय होणार ही त्यांची काळजी मिटली. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. ज्या झाडाने पहिल्या रात्री आसरा दिला होता, त्याच्याच छायेत त्यांना पुरण्यात आले. १९३६ मध्ये त्यांचे अवशेष बेल्जियमला नेण्यात आले. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद दिले.

आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. हवाईतील सक्तीचे विलगीकरणही १९६९ मध्ये संपले. पण रोग्याकडे पाहताना मागे सरणारे पाऊल अद्याप आपल्यात आहे. या पर्वकाळी ते एक पाऊल पुढे पडावे, हीच प्रभुचरणी आमची प्रार्थना.