संत नामदेव : कच्चे मडके, पक्की श्रद्धा



आपल्या वारंगा फाट्यावरून हिंगोलीचा रस्ता धरला, की आपल्याच जिल्ह्यातील दोन गावे आठवतात : नरसी आणि औंढा नागनाथ. या दोन्ही गावांशी संत नामदेव महाराजांचे नाव जोडलेले आहे. या रविवारी त्यांच्या जीवनाकडे आपण थोडे वळू या.

नामदेवांचा जन्म १२७० साली शिंप्याच्या घरी झाला. वडील दामाशेटी, आई गोणाई. जन्मगाव नरसी, अशी आपल्याकडची परंपरा. बालपणापासून त्यांना विठ्ठलाचे वेड. देव पंढरपूरच्या राउळात आहे आणि आपण त्याचे लाडके आहोत, ही त्यांची पक्की समजूत होती.

या समजुतीला पहिला धक्का बसला तो संतांच्या मेळ्यात. परंपरा सांगते, की मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून तेरचे गोरोबा कुंभार हातात थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारू लागले. इतर शांत बसले. नामदेव मात्र रागावले. गोरोबांनी निकाल दिला, की हे मडके अजून कच्चे आहे. दुखावलेले नामदेव पंढरपूरला परतले. तेथे त्यांना गुरू करण्याची आज्ञा झाली आणि ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले.

पाहतात तो काय, विसोबा महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेवांनी त्यांना खडसावले. विसोबांनी शांतपणे विनंती केली, की जेथे देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जेथे ठेवीत, तेथे पिंड दिसे. देव नाही अशी जागाच त्यांना सापडेना. हे विसोबाही आधी ज्ञानेश्वरादी भावंडांचे विरोधक होते, असे सांगतात. स्वतःचे मत बदललेला माणूसच दुसऱ्याला बदलायला शिकवू शकतो.

नामदेवांनी विठ्ठलाला सोडले नाही, पंढरीही सोडली नाही. त्यांनी सोडली ती देव एकाच गाभाऱ्यात मावतो ही समजूत. मग त्यांची पावले दूरवर गेली. पंजाबात घुमान येथे त्यांनी अनेक वर्षे काढली, अशी परंपरा आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत.

चोखोबांना तर देवळात प्रवेशच नव्हता. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकूस कोसळून त्यांचा अंत झाला. तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. मात्र ते दार सर्वांसाठी उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. जुनी समजूत किती चिवट असते, हे यावरून कळते.

१३५० साली नामदेवांनी देह ठेवला. महाद्वाराची पहिली पायरी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. भक्तांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, ही त्यांची इच्छा. पिंडीवरचे पाय पाहून संतापलेला हा भक्त शेवटी सर्वांच्या पायांखाली आनंदाने विसावला.

बंधुभगिनींनो, प्रभू येशूने विहिरीकाठी शोमरोनी स्त्रीलाही हेच समजावले होते, की पित्याची खरी उपासना एका डोंगरापुरती किंवा एका शहरापुरती नसते. त्या स्त्रीने प्रश्न विचारले म्हणूनच तिला हे उत्तर मिळाले. प्रश्न विचारल्याने श्रद्धा मोडत नाही. कच्ची असेल तर ती भाजून निघते.

आपणही या आठवड्यात एक समजूत तपासून पाहू या. मुलीच्या शिक्षणाबद्दल, विधवा बहिणीच्या मानाबद्दल किंवा शेजाऱ्याच्या जातीबद्दल आपण जे धरून बसलो आहोत, ते शुभवर्तमानातून आले, की केवळ वाडवडिलांपासून चालत आले? उत्तर अवघड वाटले, तर घरच्यांसोबत बसून बोलू या. औंढ्याच्या वाटेवर नामदेवही दुखावलेल्या मनानेच निघाले होते.