पवईचे पट्टेदार फ्रामजी कावसजी

धोबी तलावाच्या चौकातून रोज हजारो माणसे जातात. तिथल्या तलावाचा आता मागमूस नाही. मात्र त्या तलावाशी आणि शेजारच्या जुन्या सभागृहाशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या फ्रामजी कावसजी बनाजी यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आणि धाडसाचा व्यवहार मुंबई बेटावर झालाच नाही. तो झाला खाडीपलीकडे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील साष्टी तालुक्यात, पवईच्या डोंगरकुशीत. कल्याण-डोंबिवलीहून लोकलने येऊन कांजूरमार्गला उतरणारा आणि पुढे पवईची बस पकडणारा नोकरदार ज्या जमिनीवरून जातो, तिचा बराचसा भाग एकेकाळी या शेठजींच्या भाडेपट्ट्यात होता.

फ्रामजींचा जन्म १७६७ मधील. त्यांचे पूर्वज बनाजी लिमजी हे १६९० च्या सुमारास सुरत परिसरातून मुंबईत आले. कोट भागात १७०९ मध्ये त्यांनी बांधलेली अग्यारी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. घराणे व्यापाराचे आणि जहाजांचे. फ्रामजींचे बंधू रुस्तमजी यांनी तर कलकत्त्यात जाऊन जहाजमालक म्हणून मोठे नाव कमावले. चीनचा व्यापार, कापूस, अफू आणि जहाजे यांवर त्या काळच्या पारसी घराण्यांची भरभराट उभी होती. एका फेरीत दुप्पट मिळावे आणि दुसऱ्या फेरीत मुद्दलही बुडावे, असा तो धंदा. अशा धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने साठीच्या उंबरठ्यावर शेतीकडे वळावे, हे त्यांच्या परिचितांना विचित्र वाटले असल्यास नवल नाही.

त्यासाठी साष्टीची स्थिती समजून घ्यायला हवी. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून जिंकला आणि त्याबरोबर साष्टीही त्यांच्या हाती आली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. बेट मोठे होते, पण पडीक जमीन, जंगल आणि खाजणही भरपूर होते. कंपनी सरकारला महसूल हवा होता, पण जमीन सुधारण्यासाठी पदरचा पैसा घालण्याची तयारी नव्हती. त्यावर सरकारने तोडगा काढला. गावेच्या गावे ठरावीक वार्षिक रकमेवर भांडवलदारांना द्यायची. त्यांनी विहिरी खोदाव्यात, रस्ते करावेत, पडीक जमीन लागवडीखाली आणावी आणि सरकारला ठरलेली रक्कम भरून उरलेले उत्पन्न स्वतःकडे ठेवावे. भांडुपची मालमत्ता ल्यूक अॅशबर्नर या इंग्रजाकडे गेली. कुर्ल्याची गावे वाडिया घराण्याकडे, तर मालाडच्या बाजूची पुढे जीजीभाई घराण्याकडे आली. पवई १७९९ मध्ये डॉ. स्कॉट यांना वार्षिक ३,२०० रुपयांवर देण्यात आली होती. तो प्रयोग टिकला नाही आणि जमीन सरकारकडे परत गेली. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती फ्रामजींनी घेतली. पवई, तिरंदाज, साकी, कोपरी, पासपोली आणि तुंगवे अशी ही सहा गावे.

कराराचा खरा अर्थ त्याच्या मुदतीत दडलेला असतो. पाच-दहा वर्षांचा पट्टा घेणारा माणूस जमिनीतून निघेल तेवढे काढून घेतो. तो विहीर खोदत नाही की आंब्याचे कलमही लावत नाही, कारण फळ येईपर्यंत जमीन दुसऱ्याची झालेली असते. आपल्यामागे मुलानातवंडांच्या नावावर राहील अशी खात्री असलेला पट्टेदारच मातीत पैसा घालतो. फ्रामजींनी तो घातला. मुख्य रस्त्यापासून मालमत्तेपर्यंत त्यांनी वाट बांधली, विहिरी खोदल्या, ऊस लावला आणि साखरेचा कारखाना उभारला. निळीच्या लागवडीसाठी वेगळी व्यवस्था केली. रेशमाच्या किड्यांसाठी तुतीची झाडे लावली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी पवईला भेट दिली. पद सोडण्यापूर्वी, ३० नोव्हेंबर १८३० रोजी लिहिलेल्या आपल्या प्रशासकीय टिपणात त्यांनी फ्रामजींच्या या कामाची प्रशंसा केली. एतद्देशीय धनिकांनी पैसा जमिनीत गुंतवावा, हे माल्कम यांचे आवडते धोरण होते आणि फ्रामजींच्या रूपाने त्यांना त्याचे जिवंत उदाहरणच मिळाले.

या कौतुकात एक बाजू दिसत नाही. सहा गावे म्हणजे केवळ डोंगर आणि शेत नव्हे. तिथे आगरी, कोळी, वारली अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. पट्टा झाला त्या दिवसापासून त्यांच्यासाठी सरकारची जागा शेठजींनी घेतली. सारा शेठजींच्या कारभाऱ्याकडे भरायचा, तक्रारही त्याच्याकडेच करायची. या कुळांना त्या कारभाराविषयी काय वाटत होते, हे माल्कम यांच्या टिपणात शोधून सापडणार नाही. साष्टीतील अशा मालमत्तांचा इतिहास प्रामुख्याने देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या कागदांतून लिहिला गेला. कसणाऱ्याचा कागद कोणी केलाच नाही.

शेतीचा हा ध्यास पवईपुरता नव्हता. पश्चिम हिंदुस्थानातील कृषी आणि उद्यानविद्या संस्थेचे ते उपाध्यक्ष होते. १८३८ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या तरुण राणीला, व्हिक्टोरियाला, मुंबईहून आंब्याची भेट पाठवली. आगबोटीचा आणि लाल समुद्राच्या वाटेचा उपयोग नुकताच कुठे सुरू झाला होता. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून जाणारा आंबा लंडनला पोहोचणे अशक्यच होते. आज हापूसच्या पेट्या विमानाने परदेशी जातात, तेव्हा या पहिल्या प्रयत्नाची कोणाला आठवण होत नाही.

मुंबईकरांच्या दृष्टीने मात्र त्यांचे मोठे काम पाण्याचे. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये येईपर्यंत शहर विहिरी आणि तलावांवर जगत होते, आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी हाहाकार उडे. फ्रामजींनी गिरगावातील मुगभाट येथील आपल्या बागेत विहिरी खोदल्या आणि तिथले पाणी वस्तीपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था स्वखर्चाने केली. धोबी तलावाची दुरुस्ती केली, म्हणून त्या तलावाला त्यांचे नाव मिळाले. पैसे देऊन नाव मिळवणारे धनिक त्या काळीही कमी नव्हते. पण जमिनीतले पाणी शोधणे, ते वर काढणे आणि चालवत नेणे हे फ्रामजींचे खास वेड असावे, असे त्यांची पवई आणि मुगभाट शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर वाटते.

उतारवयात त्यांनी घराण्याची उतरती कळाही पाहिली. १८४५ मध्ये फ्रामजी, खरसेटजी आणि रुस्तमजी या तिघा भावांनी वडिलांच्या स्मरणार्थ चर्नी रोड परिसरात आतशबेहराम उभारला. तीनच वर्षांनी, १८४८ मध्ये, कलकत्त्याची युनियन बँक कोसळली आणि त्या धक्क्यात रुस्तमजींची पेढी बुडाली. पवईतही ऊस, नीळ आणि रेशीम यांतून कायमचा उद्योग उभा राहिला नाही. साष्टीची जमीन शेवटी भात, गवत आणि आंब्याकडेच वळली. १२ फेब्रुवारी १८५१ रोजी फ्रामजींचे निधन झाले. पुढे दोनच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, त्यांच्या मालमत्तेच्या पूर्वेकडून बोरीबंदर-ठाणे आगगाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली. पडीक म्हणून दिलेल्या जमिनीचे मोल ठरवणारी गोष्ट ऊस नव्हता, रूळ होता. ते पाहणे फ्रामजींच्या नशिबी नव्हते.

वारसांच्या वाट्याला आलेला वारसा कसा बदलत गेला, हा या चरित्राचा उत्तरार्धच म्हणावा लागेल. पहिला बदल पाण्याने केला. मुंबईला पाणी कमी पडेल या भीतीने पालिकेने पवईचे खोरे अडवले आणि १८९१ मध्ये तलाव पुरा झाला. पाणी पिण्याच्या लायकीचे निघाले नाही, पण तलाव राहिला. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला आणि पवईचा ठाणे जिल्ह्याशी असलेला संबंध तुटला. विसाव्या शतकात इथल्या जमिनीशी सर मोहम्मद युसूफ यांचे नाव जोडले गेले.

स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला. साष्टीतील मालमत्तांना मिळालेली महसुलाची सूट १९५१ च्या कायद्याने रद्द झाली. कौलाने दिलेल्या मालमत्तांमधील जी पडीक जमीन १४ ऑगस्ट १९५१ पूर्वी वापरात किंवा लागवडीखाली आणलेली नव्हती, ती शासनाकडे गेली. विहीर खोदलेली जमीन राहिली, नुसता डोंगर गेला, असा त्याचा ढोबळ अर्थ. मग डोंगरातील दगड कोणाचा? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारला नसता. पण मुंबईची बांधकामे वाढली आणि पवई-चांदिवलीच्या टेकड्यांना खाणींनी पोखरले, तेव्हा पिकापेक्षा खडीला भाव आला. साष्टीतल्या जुन्या मालमत्तांचे वारस मूळ दस्तऐवजांची बाडे घेऊन न्यायालयात उभे राहू लागले.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये आहे. खनिजावर हक्क राज्याचा, मात्र मूळ सनदेच्या अटींनी शासनाचा हक्क मर्यादित केला असेल तर तेवढ्यापुरता अपवाद. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने सनदेत एक शब्द लिहिला की गाळला, यावर आजच्या वारसाचे नशीब ठरते. केरळमधील मलबारच्या जमीनमालकांबाबत जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कायद्याने हक्क काढून घेतलेला नसेल तर जमिनीखालचे खनिजही सामान्यतः जमीनमालकाचेच. तेलाची गोष्ट निराळी. अमेरिकेत शेताखाली तेल लागले तर शेतकऱ्याचा वारस ते भाडेपट्ट्याने देऊन स्वामित्वधन घेतो. मुंबईच्या समुद्रात १९७४ मध्ये सापडलेले तेल मात्र राज्यघटनेच्या कलम २९७ नुसार केंद्राचे. किनाऱ्यावरच्या एकाही खोताला वा आगरवाल्याला त्यावर दावा सांगता आला नाही.

पवईची जमीन नंतरही पट्ट्यानेच गाजली. १९५८ मध्ये स्थापन झालेली आयआयटी इथे आली. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसवली. उरलेल्या मोठ्या भागासाठी १९८६ मध्ये शासन, विकास प्राधिकरण आणि जमीनधारक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. परवडणारी घरे बांधण्याच्या अटीवर एकरी ४० पैसे नाममात्र भाड्याने जमीन ८० वर्षांसाठी देण्यात आली. त्या घरांचे काय झाले, हा वाद उच्च न्यायालयात गेला आणि २०१२ मध्ये न्यायालयाने लहान घरे बांधण्याचे आदेश दिले. डॉ. स्कॉट सहा गावांसाठी वर्षाला ३,२०० रुपये देत होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर कोणते सरकार अधिक उदार, हे वाचकाने ठरवावे.

फ्रामजींच्या मृत्यूनंतर लोकांनी वर्गणी काढून धोबी तलावाच्या काठी त्यांच्या नावाने संस्था उभारली. तिच्या सभागृहात एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या कितीतरी सभा भरल्या. तलाव पुढे बुजवण्यात आला.