विश्लेषण : वारल्यांचा लढा जिंकणारे शामराव परुळेकर महायुद्धाच्या भूमिकेत कुठे चुकले?

टिटवाळा म्हटले की ठाणे-कल्याणकरांना महागणपती आणि चतुर्थीची गर्दी आठवते. याच टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली होती. तिथे आलेल्या मोजक्या वारली आदिवासींनी परत जाऊन जो लढा उभारला, त्यात ठाणे जिल्ह्यातली वेठबिगारी मोडून पडली. या परिषदेमागे होते शामराव आणि गोदावरी परुळेकर. पुढे शामराव ठाण्याचे खासदार झाले. मात्र टिटवाळ्याच्या अडीच वर्षे आधी त्यांचा कम्युनिस्ट पक्ष ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या विरोधात उभा होता. कारण होते, हजारो मैलांवर चाललेले युद्ध. नेमके काय घडले होते?

शामराव परुळेकर कोण होते?

शामराव विष्णू परुळेकर भारत सेवक समाजाचे सदस्य होते. १९३७ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेत निवडून गेले. खोती पद्धतीविरुद्ध जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत निघालेल्या शेतकरी मोर्चात ते आघाडीवर होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कामगारांनी संप केला, त्यातही ते होते. १९३९ मध्ये त्यांनी गोदावरी गोखले यांच्याशी विवाह केला. गोदावरी या भारत सेवक समाजाच्या पहिल्या आजीव महिला सदस्य. त्याच सुमारास दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले.

युद्ध सुरू झाल्यावर त्यांची भूमिका काय होती?

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. हे साम्राज्यवाद्यांचे आपसातले भांडण आहे, भारताने त्यात ना माणूस द्यावा ना पैसा, अशी कम्युनिस्ट पक्षाची भूमिका होती. हिटलर आणि स्टालिन यांच्यात ऑगस्ट १९३९ मध्ये अनाक्रमण करार झालेला असल्याने ती मॉस्कोच्या धोरणाशीही जुळत होती. युद्धविरोधी प्रचारासाठी परुळेकर दाम्पत्याला १९४० मध्ये तुरुंगात टाकण्यात आले. इथपर्यंत त्यांची आणि काँग्रेस कार्यकर्त्यांची वाट फारशी वेगळी नव्हती.

मग भूमिका का बदलली?

२२ जून १९४१ रोजी हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला. काही महिन्यांच्या अंतर्गत वादानंतर भारतातल्या कम्युनिस्ट पक्षाने तेच युद्ध आता ‘लोकयुद्ध’ असल्याचे जाहीर केले. सोव्हिएत संघ हरला तर जगभरचा कामगार हरेल, म्हणून ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नात अडथळा आणायचा नाही, उत्पादन थांबवायचे नाही, असे ठरले. १९३४ पासून पक्षावर असलेली बंदी सरकारने जुलै १९४२ मध्ये उठवली. १९४० मध्ये पकडलेले परुळेकर दाम्पत्यही १९४२ मध्ये तुरुंगाबाहेर आले. लगेच ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. पक्षाने त्याला विरोध केला आणि शामराव पक्षासोबत राहिले.

ठाणे जिल्ह्यात त्या वेळी काय चालले होते?

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. तिथला पाचबत्ती चौक त्यांचे स्मारक आहे. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभारला. मुंबईतल्या गिरण्या आणि रेल्वेसाठी घाटाखालच्या जलविद्युत केंद्रांतून येणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्या त्यांनी लक्ष्य केल्या. एक मनोरा कोसळला की त्या वाहिनीचा पुरवठा बंद, असा हा साधा हिशेब होता. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. ज्या कारखान्यांची वीज तोडण्यासाठी या माणसांनी प्राण दिले, ते कारखाने चालू राहावेत असे शामरावांचा पक्ष सांगत होता.

ही भूमिका चूक का ठरते?

फॅसिझमचा धोका खोटा नव्हता. जपानी सैन्य ब्रह्मदेशात पोहोचले होते. ‘छोडो भारत’पासून दूर राहणारे कम्युनिस्ट एकटेही नव्हते. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि हिंदू महासभाही आंदोलनात उतरली नव्हती. कम्युनिस्टांचे मात्र दोन ठिकाणी चुकले. एक, युद्ध तेच, ब्रिटिश सत्ता तीच, तरीही दुसऱ्या देशावर हल्ला झाला म्हणून त्यांनी भूमिका उलटी केली. दुसरे, हिटलरला विरोध करायचा तर इंग्रजांशी भांडण थांबवायलाच हवे, हे त्यांनी गृहीत धरले. नेहरूही फॅसिझमचे कडवे विरोधक होते, पण ते अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. १९४२ चा डाग पक्षाला पुढे अनेक वर्षे पुसता आला नाही.

वारल्यांच्या लढ्याशी याचा काय संबंध?

बंदी उठल्यामुळेच कार्यकर्त्यांना उघडपणे गावोगाव फिरता आले. टिटवाळ्यानंतर २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले. वेठ आणि लग्नगडीची पद्धत बंद, दिवसाला किमान बारा आणे मजुरी, असे ठरले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायकोने सावकाराकडे राबणे म्हणजे लग्नगडी. ऑक्टोबरमध्ये पाचशे पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये मिळावेत म्हणून संप झाला. तलवाडा इथे जमावावर गोळीबार होऊन जेठ्या गांगडसह पाच आदिवासी ठार झाले. लढा तरीही मोडला नाही. त्याची हकीकत शामरावांनी १९४७ मध्ये ‘रिव्होल्ट ऑफ द वारलीज’ या पुस्तिकेत लिहिली. युद्धाबाबत त्यांनी पक्षाचा ठराव प्रमाण मानला होता. इथे मात्र ते पाड्यावर जाऊन माणसाला काय हवे ते विचारत होते.

पुढे काय झाले?

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ठाण्याने शामरावांना लोकसभेत पाठवले. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला आणि पक्षापुढे जुनाच प्रश्न नव्याने आला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला राष्ट्रीय परिषदेने चीनचा निषेध केला, पण डाव्या गटातले अनेक जण त्या ठरावावर नाराज होते. १९६४ मध्ये पक्ष फुटला, त्यात सीमावाद हे एक कारण होते. शामराव मार्क्सवादी पक्षात गेले. या काळात भारत संरक्षण कायद्याखाली शेकडो कम्युनिस्ट खटल्याशिवाय स्थानबद्ध झाले. परुळेकर दाम्पत्यही त्यात होते. ऑगस्ट १९६५ मध्ये स्थानबद्धतेतच शामरावांचे निधन झाले. १९४२ ची आठवण ताजी असल्याने या कैद्यांसाठी बोलणारे थोडे होते.

गोदावरींनी वारल्यांच्या लढ्यावर लिहिलेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दर २ जानेवारीला सिद्धगडावर लोक कोतवालांना अभिवादन करायला जातात. तलासरीच्या पाड्यांवर आजही लाल बावटा आहे. शामरावांचा हिशेब मांडायचा तर ठाणेकरांना या दोन्ही जागा लक्षात ठेवाव्या लागतील.