हवा मोजणाऱ्या यंत्रामागचा कारागीर

नांदेड किंवा लातूरच्या गॅरेजमध्ये इंधन-इंजेक्शनची जुनी मोटार आचके देत येते, तेव्हा जाणकार मेकॅनिक आधी एअर फिल्टर उघडून पाहतो. उन्हाळ्यात मराठवाड्याची धूळ त्यात ठासून भरलेली असते. हवेच्या नळीला कोठे चीर पडली आहे काय, हेही तो तपासतो. मगच मल्टिमीटर लावून एअर फ्लो सेन्सरची परीक्षा होते. झडपेच्या अनेक जुन्या सेन्सरांत झडप उघडत जाते तसा विजेचा दाब सलग बदलावा लागतो. तो मध्येच तुटला, तर सेन्सर झिजला असे समजावे. भाग बदलण्याआधी तो पारखून घेण्याचा हा आग्रह एका जर्मन कारागिराने आयुष्यभर धरला होता. त्यांचे नाव रॉबर्ट बॉश.

दक्षिण जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक गावी २३ सप्टेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. शेती आणि खाणावळ सांभाळणाऱ्या कुटुंबातील बारा भावंडांत ते अकरावे. उल्ममध्ये सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी केल्यावर त्यांनी १८८४ मध्ये अमेरिका गाठली आणि एडिसन यांच्या कारखान्यात काम केले. काही काळ इंग्लंडमध्ये काढून ते मायदेशी परतले. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी श्टुटगार्टमध्ये त्यांनी लहानशी कार्यशाळा उघडली. मिळेल ते काम घ्यावे आणि कर्जाचे हप्ते कसेबसे भागवावेत, अशी पहिली काही वर्षे गेली.

१८८७ मध्ये एका स्थिर इंजिनासाठी त्यांनी ठिणगी पाडणारे मॅग्नेटो यंत्र बनवले. १८९७ मध्ये ते तीनचाकी मोटार वाहनावर बसवले गेले. १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचे मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग सिद्ध केले, तेव्हा बॉश हे नाव जगभर पोहोचले. आपली वस्तू कोणी तपासून पाहावी आणि ती कमअस्सल ठरावी, ही कल्पनाच त्यांना असह्य होती. पैसा गेला तरी चालेल, विश्वास जाता कामा नये, अशी त्यांची धारणा होती. १९०६ मध्ये त्यांनी कामगारांसाठी आठ तासांचा दिवस लागू केला.

१९२२ मध्ये त्यांनी डिझेल इंजेक्शन पंपाकडे मोर्चा वळवला. १९२७ मध्ये त्याचे नियमित उत्पादन सुरू झाले. इंधन नेमक्या मापाने इंजिनात सोडण्याची ही कला पुढे शेतावरच्या डिझेल इंजिनांपर्यंत पोहोचली.

अखेरची वर्षे मात्र कठीण होती. नाझी राजवटीला त्यांचा विरोध होता. छळ होत असलेल्या ज्यूंना आणि प्रतिकार करणाऱ्या गोर्डेलर यांना त्यांनी साह्य केले. तथापि त्यांच्याच कंपनीने युद्धसामग्री बनवली आणि वेठीचे मजूरही राबवले; हे डाग त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाहीत. १२ मार्च १९४२ रोजी त्यांचे निधन झाले आणि ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला.

एअर फ्लो सेन्सर त्यांनी स्वतः पाहिला नाही. १९६७ मध्ये कंपनीने पेट्रोलसाठी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणले. १९७३ मधील एल-जेट्रॉनिक पद्धतीत एक झडप हवेचा प्रवाह थेट मोजू लागली. नावातील एल हे अक्षर हवेच्या जर्मन शब्दावरून आले. पुढे तापलेल्या तारेचे सेन्सर आले: जितकी हवा अधिक, तितकी तार थंड, आणि ती तापती ठेवण्यास तितकी वीज अधिक. या तारेवर धुळीचा थर बसला की हवा कमी मोजली जाते, इंधनही कमी सुटते आणि गाडी अडखळते.

भारतात १९५१ मध्ये बंगळुरात मायको कंपनी स्थापन झाली. पुढे नाशिकला कारखाना उभा राहून तेथे डिझेल इंजेक्शनचे भाग बनू लागले. आज बॉश कंपनीचा सुमारे ९४ टक्के भांडवली वाटा एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहे. अचूक मापावर उभा राहिलेला विश्वास टिकवायचा, तर प्रत्येक वेळी नव्याने माप घ्यावे लागते. सेन्सर फेकण्यापूर्वी तो तपासणारा मराठवाड्यातील मेकॅनिक हेच काम करीत असतो.